चोर बोलायला शिकला. आपली मुले कधी शिकणार?

चोरी ही हाताची कला आहे, असे आपण पिढ्यान् पिढ्या समजत आलो. खिसेकापूची दोन बोटे, घरफोड्याची पहार, कुलूप उघडणाऱ्याची तार ही त्या धंद्याची हत्यारे. गेल्या दहा-बारा वर्षांत या धंद्याने हत्यार बदलले. आजचा चोर तुमच्या दारापर्यंत येतच नाही. तो झारखंडातल्या जामताडासारख्या गावी किंवा दूर कंबोडियात कुंपण घातलेल्या एखाद्या इमारतीत बसतो, फोन लावतो आणि बोलतो. बोलता बोलता तुमचेच पैसे तुमच्याच हाताने तुमच्या खात्यातून काढून घेतो. त्याचे सारे भांडवल म्हणजे त्याची जीभ.

बँकेच्या नोकरीत माझी पस्तीसएक वर्षे गेली आणि कादंबऱ्या लिहिण्यात जवळजवळ तितकीच. लोकांना हे दोन उद्योग एकमेकांपासून फार लांबचे वाटतात. मला तसे कधी वाटले नाही. दोन्हीकडे माल एकच, माणसाचा विश्वास. म्हणूनच या नव्या चोरांच्या गोष्टी ऐकताना मला त्यातली यंत्रे कमी दिसतात आणि संवाद जास्त ऐकू येतात. या लेखात मला जे सांगायचे आहे, तेही संवादाबद्दलच आहे.

आधी थोडे आकडे पाहू. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत देशातल्या नागरिकांनी २०२३ साली सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले. २०२४ साली हा आकडा २२,८४५ कोटींवर गेला. एका वर्षात तिप्पट! ज्यांनी तक्रार केली त्यांचेच हे पैसे. जे लाजेने गप्प बसले, त्यांचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

सायबर गुन्हा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे टंकणारा कोणी अचाट बुद्धीचा माणूस येतो. तसे गुन्हेही घडतात. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, असाच हल्ला झाला. बनावट कार्डे वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, दोन दिवसांनी हाँगकाँगच्या एका खात्यात आणखी रक्कम वळती झाली आणि एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये त्या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले. तो हल्ला यंत्रावर होता आणि यंत्राचा बंदोबस्त यंत्रे जाणणाऱ्यांनी करायचा असतो. पण तुमच्या-आमच्या घरात येणारा फोन यंत्राला फसवत नाही. यंत्र आपले काम चोख करते. ओटीपी मागते, पिन मागते, 'नक्की पाठवायचे का' असेही विचारते. फसतो तो 'हो' म्हणणारा माणूस.

तीन पायांची कथा

असा फोन कसा रचलेला असतो, ते कथालेखकाच्या नजरेने पाहिले तर अंगावर काटा येतो. त्याचे तीन पाय असतात. पहिला पाय भीतीचा किंवा लोभाचा: 'तुमच्या नावाने आलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले' किंवा 'तुमचा पैसा महिन्यात दुप्पट होईल'. दुसरा पाय घाईचा: 'अर्ध्या तासात केले नाही तर खाते बंद'. तिसरा पाय गुप्ततेचा: 'हे कोणालाही सांगू नका, घरच्यांनाही नाही, चौकशी चालू आहे'. तिन्ही पाय एकदम टेकले की शहाणा माणूसही त्या तिवईवर बसतो.

शिकल्यासवरल्या माणसाला हे होत नाही, असे कोणी समजू नये. लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल हे पद्मभूषण मिळालेले, ऐंशी पार केलेले अनुभवी उद्योगपती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भामट्यांनी त्यांना 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगितले, फोनच्या पडद्यावर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली आणि ७ कोटी रुपये उकळले. 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कोणालाही अटक होत नाही. पण पडद्यावर गणवेश आणि न्यायासन दिसले की कायद्याचे कलम आठवते कोणाला? पुढे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेच अशा प्रकरणांची स्वतःहून दखल घेतली, यावरून दुखणे किती वाढले असेल ते ध्यानात यावे.

लहान माणसासाठी नाटक लहान असते, एवढाच फरक. लग्नपत्रिकेच्या किंवा वाहतुकीच्या दंडाच्या नावाने मोबाइलवर एक फाइल येते. ती उघडून बसवून घेतली की फोनवर येणारे ओटीपी चोराला वाचता येऊ लागतात. 'पैसे मिळवण्यासाठी कोड स्कॅन करा आणि पिन टाका' असे कोणी सांगते. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. एवढे एकच वाक्य घरातल्या प्रत्येकाच्या कानावर पडले असते, तर किती संसार वाचले असते!

पाटी आणि शिपाई

१९८० च्या दशकात मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत होतो. (२०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण माझ्या पिढीच्या तोंडी 'नगर जिल्हा' बसला आहे, तो मी या लेखात तसाच वापरतो.) बाजाराच्या दिवशी शाखेत पाय ठेवायला जागा नसे. पितळी टोकन हातात घट्ट धरून माणसे ताटकळत उभी असत. पैसे घेऊन कोणी म्हातारी बाजूला झाली की एक पांढऱ्या कपड्यातला गृहस्थ अदबीने पुढे होई. 'आजी, नोटा मोजून देऊ का? एखादी फाटकी असंल तर बदलून घेता येईल.' तो मोजून देई आणि मोजता मोजता चार-दोन नोटा त्याच्या अस्तनीत जात.

वरिष्ठ कार्यालयाकडून परिपत्रक आले. आम्ही भिंतीवर पाटी लावली: 'अनोळखी व्यक्तीकडून पैसे मोजून घेऊ नयेत. हुकुमावरून.' पाटी रंगवून झाली, परिपत्रकाला उत्तर गेले, चोऱ्या मात्र चालूच राहिल्या. ज्यांच्यासाठी ती पाटी होती, त्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नव्हते आणि उरलेल्यांना 'व्यक्ती' हा शब्द आपल्यासाठी आहे असे वाटत नव्हते.

शेवटी ते काम आमच्या शाखेतल्या शिपायाने केले. बाजाराच्या दिवशी तो स्टुलावर उभा राही आणि खणखणीत आवाजात म्हणे, 'ऐका हो माय-बाप! इथं आपला पैसा आपुनच मोजायचा. जावायानं मोजतो म्हटलं तरी त्याला द्यायचा न्हाई!' जावयाचे नाव निघाले की बायका पदर तोंडाला लावून हसत. हसल्या की वाक्य लक्षात राही. दोन-तीन महिन्यांत तो पांढऱ्या कपड्यातला गृहस्थ दिसेनासा झाला. संवादकौशल्य हा शब्द त्या शिपायाने कधी ऐकला नसेल. पण कोणाला, काय आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, हे त्याला बरोबर कळले होते.

आज सायबर सुरक्षेच्या बाबतीत आपण पुन्हा त्या पाटीपाशीच उभे आहोत. सूचनांचा तुटवडा नाही. बँका संदेश पाठवतात, वर्तमानपत्रात जाहिराती येतात. मध्यंतरी काही महिने फोन लावला की आधी सायबर सावधगिरीची सूचना ऐकावी लागे. हेतू चांगला होता, पण घाईच्या वेळी लोक त्या आवाजाला वैतागले आणि २०२५ च्या जूनमध्ये ती सूचना बंद झाली. ध्वनिमुद्रित आवाजाला प्रश्न विचारता येत नाही, हे त्याचे मोठे उणेपण. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल कार्यालयाने २०२२ मध्ये याहून शहाणपणाची एक गोष्ट केली. अलिबाबाच्या गोष्टीची आठवण देणारी 'राजू आणि चाळीस चोर' या अर्थाच्या नावाची इंग्रजी पुस्तिका काढून फसवणुकीचे चाळीस प्रकार छोट्या गोष्टींतून सांगितले. परिपत्रके काढणाऱ्या संस्थेला गोष्ट सांगाविशी वाटली, याचे मला लेखक म्हणून फार कौतुक वाटले. पण पुस्तिकाही वाचणाऱ्यापर्यंतच पोहोचते. बाजारच्या दिवशी स्टुलावर उभे राहणार कोण?

विद्यार्थी नावाचा दूत

माझे उत्तर आहे, महाविद्यालयातली मुले. ही कल्पना माझी नाही. पुण्याच्या क्विक हील या कंपनीच्या फाउंडेशनने 'सायबर शिक्षा फॉर सायबर सुरक्षा' या उपक्रमात ती राबवली आहे. ही कंपनी उभी करणारे कैलास काटकर हे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि धाकटे बंधू संजय यांच्या साथीने संगणकाच्या विषाणूंवर औषध काढणारी कंपनी उभारली. त्यांच्या फाउंडेशनच्या उपक्रमात महाविद्यालयांशी करार होतात, संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना सायबर सुरक्षेबरोबरच ती लोकांपुढे कशी मांडावी याचेही शिक्षण मिळते आणि मग ही मुले शाळाशाळांतून, लोकांमधून जाऊन बोलतात. विषय येणे आणि विषय सांगता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याने ओळखले त्याने निम्मे काम केले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पदवी आणि पदव्युत्तर वर्गांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला. महिन्याच्या पहिल्या बुधवारी 'सायबर जागरूकता दिवस' पाळण्याची सूचनाही महाविद्यालयांना झालेली आहे. म्हणजे कागदावर सारे आहे. पण वर्गात मुलाला जे शिकवतात ते परीक्षकाला सांगण्यासाठी. ते आजीला कसे सांगायचे, याचा तास कोणत्या वेळापत्रकात आहे?

हा फरक मी डोळ्यांनी पाहिला. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबिर होते आणि पाहुणा म्हणून मला बोलावले होते. संध्याकाळी देवळासमोरच्या मंडपात सायबर सुरक्षेवर कार्यक्रम ठेवला होता. जाजमावर साठ-सत्तर बायका, मागे कट्ट्यावर पुरुष. पहिला मुलगा हुशार होता. त्याने पडद्यावर चित्रे दाखवून फिशिंग, विशिंग, स्मिशिंग, मालवेअर असे सगळे प्रकार क्रमाने सांगितले. एकही शब्द चुकला नाही आणि एकही पोहोचला नाही. पुढे बसलेल्या आजींनी शेजारणीला हळूच विचारले, 'ह्यो परीक्षा देतोय का गं?'

मग एक मुलगी उठली. तिने पडदा बंद करायला सांगितला, माइक बाजूला ठेवला आणि ती जाजमावर बायकांच्या मधोमध जाऊन बसली. मैत्रिणीकडे बघत कानाला फोन लावला आणि पुरुषी आवाज काढून म्हणाली, 'हॅलो मावशी, बँकेतून साहेब बोलतोय. तुमचं लाडक्या बहिणीचं पैसं अडकल्यात. आत्ता एक नंबर येईल तेवढा सांगा, म्हंजी लगेच सुटतील. कुणाला इचारू नका बरं का, न्हाईतर रद्द हुतील.' बायका आधी हसल्या. मग हसू ओसरले, कारण तो आवाज त्यांतल्या काही जणींनी खरोखरच ऐकलेला होता.

कोपऱ्यातून एक बाई बोलून गेली, 'आसंच म्हनत हुता की!'

मंडप शांत झाला. 'काय झालं तुला?' असे ती मुलगी म्हणाली नाही. ती सरकत त्या बाईंजवळ गेली आणि म्हणाली, 'मग पुढं काय म्हणाला तो, मावशी?' हळूहळू सारे बाहेर आले. बचत गटाचे अठरा हजार रुपये बाईंच्या खात्यात होते, ते गेले. चार महिने झाले होते. घरात सांगितले नव्हते, गटात सांगितले नव्हते. दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाऊन त्या थोडेथोडे करून पैसे भरत होत्या. का सांगितले नाही, असे कोणी विचारले तेव्हा म्हणाल्या, 'मालक मारायचं न्हाईत. पन गाव हसंल.'

त्या मुलीने त्यांचा हात धरला आणि साऱ्या मंडपाला ऐकू जाईल असे म्हणाली, 'चोरी त्यानं केली, मावशी. लाज त्याला वाटली पाहिजे.' मग तिने १९३० हा आकडा सगळ्यांकडून पाच वेळा म्हणवून घेतला. त्या बाईंची तक्रारही तिने दुसऱ्या दिवशी भरून दिली. इतक्या उशिरा केलेल्या तक्रारीने पैसे काही परत आले नाहीत. पण शिबिर संपेपर्यंत आणखी तीन घरांतल्या बायका आपापले फोन घेऊन त्या मुलीकडे आल्या. पहिल्या मुलाकडे कोणी गेले नाही. तो बिचारा मला म्हणाला, 'सर, माझं चुकलं कुठं?' त्याचे काहीच चुकले नव्हते. त्याला कोणी हे शिकवलेच नव्हते.

लाज आणि घड्याळ

आता या गप्प बसण्याची किंमत पाहा. १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक. तिथे तक्रार नोंदवली की ती संबंधित बँकांकडे पोहोचते आणि ज्या खात्यात पैसे गेले असतील तिथे ते रोखून धरता येतात. चोरही हे जाणतो. म्हणून तो ती रक्कम काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचांत अशी फिरवतो आणि शेवटी कुठल्या तरी एटीएममधून काढतो. पहिला तास हाती लागला तर काही रक्कम वाचण्याची आशा असते. दुसऱ्या दिवशी ती आशा फार थोडी उरते.

बँकेचे नियमही घड्याळावरच चालतात. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात म्हटले होते की दोष बँकेचाही नसेल आणि ग्राहकाचाही नसेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर तोशीस पडू नये. पण ग्राहकाने स्वतःच ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कळवल्यानंतरचे बँकेचे. दोन्ही परिस्थितींत लवकर बोलणाऱ्याचा फायदा आहे.

आणि माणूस लवकर केव्हा बोलतो? जिथे आपल्याला हसणार नाहीत, रागावणार नाहीत, अशी त्याला खात्री असते तिथे. 'एवढं शिकवूनही तुम्हाला अक्कल नाही' असे वडिलांना एकदा ऐकवणारा मुलगा पुढच्या वेळी त्यांचे तोंड कायमचे बंद करतो. चोराची तिसरी अट होती 'कोणाला सांगू नका'. आपण रागावून त्याच्या अटीला बळकटी आणतो. म्हणून मी म्हणतो, सायबर सुरक्षेच्या प्रशिक्षणात बोलणे शिकवण्याइतकेच ऐकून घेणे शिकवायला हवे.

जामखेडचा धडा

हे होण्यासारखे आहे का, असे विचारणाऱ्यांना मी आपल्याच जिल्ह्यातले एक जुने उदाहरण देतो. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यात ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. आरोग्याचे ज्ञान तेव्हाही उपलब्ध होते. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी द्यावे, बाळंतिणीची नाळ स्वच्छ पात्याने कापावी, हे कोणत्या डॉक्टरला ठाऊक नव्हते? पण ते खेड्यात पोहोचत नव्हते. आधी प्रशिक्षित परिचारिकांना गावात ठेवून पाहिले, पण गावाशी त्यांचे सूर जुळेनात. तेव्हा आरोळ्यांनी त्या त्या गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. त्या ठरल्या दिवशी जामखेडला येत, शिकत आणि गावी परतून शेजारणींना आपल्या बोलीत सांगत. जे काम पदवीधरांना जमले नव्हते ते या बायकांनी करून दाखवले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे वैद्य जामखेडला शिकायला येऊ लागले.

ज्ञान शहाण्या माणसाकडून नव्हे, आपल्या माणसाकडून स्वीकारले जाते, हा जामखेडचा धडा. सायबर सुरक्षेला तो जसाच्या तसा लागू पडतो. नेवाशाच्या आजीला दिल्लीहून आलेला संदेश कळणार नाही, पण नातवाची मैत्रीण कळेल.

मग करायचे काय? माझ्या मते फार मोठी यंत्रणा लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, तिची सात दिवसांची शिबिरे गावोगावी होतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात समाजात जाऊन करायच्या कामाला श्रेयांक मिळतात. शिबिराला जाण्यापूर्वी मुलांना दोन दिवस फक्त सांगण्याचे शिक्षण द्यावे. एक, इंग्रजी संज्ञा न वापरता पाच मिनिटे बोलून दाखवायचे. दोन, चोराचा फोन नाटकासारखा करून दाखवायचा आणि 'इथे काय खटकले?' हे लोकांना सांगू द्यायचे. तीन, कोणी आपली फसगत सांगितली तर पहिल्या वाक्यात काय म्हणायचे, याचा सराव करायचा. मुलांची परीक्षा प्राध्यापकांनी न घेता शिपाई, स्वयंपाकाच्या मावशी आणि एखाद्या निवृत्त शिक्षकाने घ्यावी. त्यांना कळले तर मुलगा पास.

जागाही नेहमीच्याच निवडाव्यात. सकाळचे दूध संकलन केंद्र, निवृत्तिवेतनाची रांग, बचत गटाची बैठक, हळदीकुंकू, साखर कारखान्याच्या हंगामातले ऊसतोड कामगारांचे तळ. हिवरे बाजारसारख्या गावाने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याची सवय लावून घेतली. ग्रामसभेत वर्षातून एकदा दहा मिनिटे सायबर फसवणुकीवर बोलायला काय हरकत आहे?

कोणी म्हणेल, चोर दर महिन्याला नवी युक्ती काढतो, मुले किती युक्त्या शिकवणार? शंका रास्त आहे. आता तर यंत्राच्या साहाय्याने नातवाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. म्हणून युक्त्यांची यादी पाठ करून घेण्यात अर्थ नाही. भीती किंवा लोभ, घाई आणि गुप्तता हे तीन पाय ओळखायला शिकवावे. युक्ती बदलली तरी ते बदलत नाहीत. आणि प्रत्येक घराने एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा. नातवाच्या आवाजात कोणी पैसे मागितले तर आजीने तो शब्द विचारावा.

एक गोष्ट मुलांच्या आईवडिलांसाठी. पूर्वी बँकेत खाते उघडायला जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागे आणि सही करणारा दहादा विचार करी. आज चोरांना पैसे फिरवायला दुसऱ्यांची खाती लागतात आणि ती ते महाविद्यालयातल्या मुलांकडून भाड्याने घेतात. 'तुझे पासबुक, कार्ड आणि सिम दे, पाच हजार घे', एवढा सोपा व्यवहार. चोर सापडत नाही, पण खाते ज्याच्या नावावर आहे त्याच्या दाराशी पोलीस सर्वांत आधी येतात. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला हे कोणी समजावून सांगितलेले नसते. जी मुले गावोगाव जाऊन या विषयावर बोलतील, ती स्वतः या सापळ्यात सहसा सापडायची नाहीत. दुसऱ्याला सांगता सांगता आपल्यालाही नीट कळते, हा शिक्षकांचा जुना अनुभव आहे.

त्या पाथर्डीच्या शिबिरातल्या मुलीला मी विचारले होते, 'तुला हे असं बोलायला कोणी शिकवलं?' ती म्हणाली, 'आमच्या आजीला ऐकू कमी येतं, सर. तिला एक गोष्ट चार प्रकारे सांगावी लागते.' त्या घरात तिला रोजचा सराव मिळाला. तसा सराव आपापल्या घरी देणे आपल्या हातात आहे. आज रविवार आहे, सगळे घरी आहेत. जेवणे झाली की घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला म्हणा, 'आजीला नीट समजेल असं सांग बघू, असा फोन आला तर काय करायचं?' आजीने प्रश्न विचारावेत, आणि तिचे समाधान होईपर्यंत त्याला उठू देऊ नये. मग १९३० हा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा, चष्मा न लावता दिसेल इतका मोठा.